मागचे दुःख आणि पुढची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे मंडळाच्या कामाचा आढावा यावा, पुढल्या वर्षाचे संकल्प यावेत, आणि शेवटी चहाला बोलावावे, अशी आपली रीत आहे. आढावा चिटणीसबाईंनी उत्तम दिला आहे आणि चहाची व्यवस्था मागे चालूच आहे. तेव्हा माझ्या वाट्याला जी वीस-पंचवीस मिनिटे आली आहेत, ती मी एका निराळ्या विषयासाठी मागून घेते.

आपल्याकडे शिवणाच्या वर्गाला, पापड-मसाल्याच्या कामाला, भजनाला ज्या बायका येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणी मागे काहीतरी ठेवून आलेल्या असतात. कुणाला नवऱ्याने टाकले आहे, कुणाचा नवरा अकाली गेला आहे, कुणाचे लहानपण मारझोडीत गेले आहे, तर कुणाच्या हातून तरुणपणी असे काही घडले आहे की आजही तिचे नाव निघाले की दोघीचौघी एकमेकींकडे पाहतात. अशा बाईला आपण दोन प्रकारचे सल्ले देतो. एक म्हणजे, “झाले गेले विसरून जा.” दुसरा म्हणजे, “नशिबात होते, भोगायचे.” पहिला सल्ला पाळता येत नाही आणि दुसरा पाळला तर माणूस जिवंतपणी संपतो. या दोहोंमधून तिसरी वाट आहे का, आणि असल्यास ती कुणी चालून दाखविली आहे का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

माझे माहेर सातारचे आणि सासर सांगलीचे. या दोन्ही गावांत ख्रिस्ती मंडळींचे काम शंभर-दीडशे वर्षांचे आहे. अमेरिकन मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सातारला येऊन राहिले. मिरजेचे मिशन इस्पितळ तर या भागातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. म्हणून आज मी अशा स्त्रियांविषयी बोलणार आहे, ज्यांना ख्रिस्ती श्रद्धेतून नवे आयुष्य मिळाले. आपल्या मंडळात हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशा सगळ्या भगिनी आहेत. कुणी कोणता धर्म घ्यावा हे सांगायला मी उभी नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. परंतु शेजारणीच्या चुलीवर काय शिजते हे जाणून घेण्यात काही कमीपणा नाही, आणि कधीकधी त्यातले एखादे पथ्य आपल्याही घरी उपयोगी पडते.

पहिले नाव पंडिता रमाबाईंचे. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला आईवडिलांनी तीर्थयात्रा करीत करीत संस्कृत शिकविले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर ती हजारो मैल पायी हिंडली. कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटले. पुढे १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले आणि दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, पटकीने त्यांचा अंत झाला. मांडीवर मनोरमा, वर्षाचीही न झालेली. वय तेवीस. भगिनींनो, ज्या काळी विधवेचे तोंड पाहणे अशुभ समजत, त्या काळची ही गोष्ट आहे.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या. त्या भगिनींचे एक काम लंडनच्या फुलहॅम भागात चाले. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकून दिले आहे अशा बायकांना तिथे आसरा होता. रमाबाई ते पाहायला गेल्या आणि चकित झाल्या. अशा बाईला जवळ घेणे, तिला जेवू घालणे, तिच्याशी मायेने बोलणे, हे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. “तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता?” असे त्यांनी विचारले. तेव्हा तिथल्या भगिनीने उपदेश केला नाही. तिने योहानाच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट त्यांना वाचून दाखविली. पुढे रमाबाईंनी आपली धर्मकथा लिहिली तेव्हा या प्रसंगाची आठवण मुद्दाम नोंदविली आहे.

ती गोष्ट मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगते, कारण आपल्याकडच्या बाईला ती लगेच कळेल. शोमरोन नावाच्या प्रांतात एक जुनी विहीर होती. भर दुपारी येशू दमून तिच्या काठावर बसला होता. एक बाई घागर घेऊन पाण्याला आली. आता तुम्हीच सांगा, पाण्याला बायका कोणत्या वेळी जातात? सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, चारचौघी मिळून. ही भर दुपारी एकटी का आली? गोष्टीत कारण दिलेले नाही. परंतु पाणवठ्यावरच्या बोलण्याची धार जिने सोसली आहे तिला ते सांगावे लागत नाही. या बाईचे पाच नवरे झाले होते, आणि आता ती ज्याच्याकडे राहत होती तो तिचा नवरा नव्हता.

येशूने तिच्याकडे पाणी मागितले. ती दचकली. कारण यहुदी लोक शोमरोनी माणसाच्या भांड्यातले पाणी पीत नसत. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर, विटाळ होता. ती म्हणाली, “तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता?” मग दोघांचे बोलणे झाले. बोलता बोलता येशूने तिच्या पाच नवऱ्यांचा विषय काढला. त्याला ते ठाऊक होते. मला या गोष्टीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, त्याने आधी पाणी मागितले आणि मग तिच्या गतायुष्याचा उल्लेख केला. आधी तिला देणारी केले. आपण नेमके उलट करतो. आधी चौकशी, मग पाणी. दुसरी, त्याने तिचे गतायुष्य झाकले नाही आणि त्यावरून तिला झिडकारलेही नाही. ती बाई घागर तिथेच टाकून गावात गेली आणि ज्या लोकांची तोंडे ती टाळीत होती त्यांनाच जाऊन म्हणाली, “चला, मी केलेले सगळे ज्याने मला सांगितले तो माणूस पाहा.” जे लपवायचे होते, तेच ती आपल्या तोंडाने मोकळेपणी बोलू लागली. हा फरक एका दुपारीत झाला.

रमाबाईंनी त्याच वर्षी, १८८३ मध्ये, बाप्तिस्मा घेतला. परंतु पुढे त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहिले आहे की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला शांती आली ती काही वर्षांनी. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नवी सुरुवात एका दिवसात होत नाही. कधी पाऊल आधी पडते आणि मन मागाहून येऊन पोचते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुलींना व विधवांना आणले आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे मुलींच्या हाताला काम दिले: विणकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, बागाईत, छापखाना. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तिथल्या बायकांनीच जुळविले आणि छापले. आणि तिथेच एक भाग होता ‘कृपा सदन’, समाजाने पतित ठरविलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला वाचलेली गोष्ट केडगावला अशी विटामातीत उभी राहिली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, परंतु मुक्ती मिशनचे काम चालू राहिले.

आता मी माझ्या माहेरच्या गावाशी संबंध असलेल्या बाईंकडे येते. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचले असेल, निदान शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा वाचला असेल आणि हसू आले असेल. त्या हसवतात हे खरे. परंतु ज्या आयुष्यावर त्या हसवतात ते आयुष्य कसे होते, ते जरा पाहू.

१८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे मन सोवळ्याओवळ्यात असे अडकले की ते पुन्हा सुटलेच नाही. घरात मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली होती. भगिनींनो, धुतलेल्या मिठाचे काय होते हे कुणा गृहिणीला सांगायला नको. अशा घरातल्या बायकांचे काय होत असेल त्याचा विचार करा. मुलीने कुणाला शिवायचे, कुठे बसायचे, कोणते लुगडे हाताळायचे, या सगळ्याची भीती. ही भीती तिने अकराव्या-बाराव्या वर्षी सासरी बरोबर नेली.

नवरा मिळाला नारायण वामन टिळक. मोठा कवी, मोठ्या मनाचा, परंतु तापट आणि घरात न टिकणारा. हाती पैसा ठरत नसे. कधी न सांगता घर सोडून निघून जात. लक्ष्मीबाईंची मुले लहानपणी गेली. शाळा अशी त्यांना मिळाली नाही. लिहिणे-वाचणे आले ते घरातच. १८९३ च्या सुमारास आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला. टिळक तो वाचू लागले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण टिळकांच्या धैर्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले? नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरी घर नाही. पदरी लहान मुलगा. नातेवाईक म्हणत, नवरा गेला असे समज. त्या दुःखात त्यांचे मन इतके ढासळले की जवळच्या माणसांना त्यांची काळजी वाटू लागली. आणि याच दुःखात त्यांना कविता सुचू लागली. पुढची काही वर्षे त्या बहिणीच्या आधाराने राहिल्या. टाकलेल्या बाईचे जिणे आपण जे आज पाहतो, तेच त्यांनी पाहिले. येणारीजाणारी प्रत्येक बाई दया दाखवी आणि त्या दयेत एक काटा असे.

शेवटी त्या मुलासह नगरला टिळकांकडे आल्या. परंतु ख्रिस्ती झाल्या नाहीत. ख्रिस्ती वस्तीत राहून आपली चूल निराळी, आपले पाणी निराळे. इथे मला टिळकांविषयी एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे: त्यांनी जबरदस्ती केली नाही. आणि लक्ष्मीबाईंनीही नवऱ्यासाठी म्हणून धर्म घेतला नाही. त्या पाहत राहिल्या, विचार करीत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने केली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि देवाने केली नाही असे उत्तर मनात आल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. धुतलेल्या मिठाच्या घरातली ती मुलगी आता निर्भयपणे दुसऱ्याच्या हातचे पाणी पिऊ लागली. मला तर वाटते की त्यांचा खरा बाप्तिस्मा त्या पाण्याच्या घोटाने झाला. रीतसर बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला.

पुढे त्यांनी दुष्काळातल्या अनाथ मुलांना घरात घेतले, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा केली. बालकवी ठोमरे हा पोरका जीव त्यांच्याच घरात मुलासारखा राहिला. ज्या घरात लहानपणी कुणाला शिवायचे नव्हते, त्या घरातल्या मुलीचे स्वतःचे घर असे झाले की त्यात कोण कोणत्या जातीचे हे विचारायचे कारण उरले नाही.

आता सातारा. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे काम आणि पगार सोडला आणि सातारला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचे भक्त, मग ते बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, एकत्र यावेत, पंथभेद आणि जातभेद तिथे नसावेत, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना थोर खरी. पण पगार गेला म्हणजे घर कुणी चालवायचे हे बायकांना ठाऊक असते. पन्नाशीला आलेल्या लक्ष्मीबाईंनी पुन्हा एकदा नवा डाव मांडला. आणि दोन वर्षांतच दुःखे ओळीने आली. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले, वय अवघे सत्तावीस. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले.

इथे मी थोडी थांबते. कारण भाविक भाषणांत नेहमी असे सांगतात की श्रद्धा धरली आणि सगळे सुरळीत झाले. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात तसे झाले नाही. बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा स्वभाव तोच राहिला, पैशाची चणचण तीच राहिली, मृत्यूही घरी आलाच. मग बदलले काय? माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी बदलल्या. पहिली, भीती गेली. विटाळाची भीती, लोक काय म्हणतील ही भीती, नवरा सोडून जाईल ही भीती. दुसरी, आपल्या दुःखाकडे त्यांना बाहेरून पाहता येऊ लागले. देवाने आपल्याला जसे आहोत तसे स्वीकारले आहे असे एकदा मनाने घेतले, की मग आपली फजिती, आपले भांडण, आपले रडणे सांगायला लाज वाटत नाही. तिसरी, आपले आयुष्य कुणाच्या तरी उपयोगाचे आहे हे त्यांना कळले.

टिळक गेल्यावर त्या सतरा वर्षे जगल्या. टिळकांनी ख्रिस्ताच्या चरित्राचे ओवीबद्ध काव्य ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते, ते अपुरे राहिले होते. त्याचा पुढचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. आणि आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून १९३६ पर्यंत भागाभागांनी प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याने एके काळी वाऱ्यावर सोडलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते. त्यात वडिलांचे वेड आहे, सासरचा जाच आहे, नवऱ्याचा राग आहे, स्वतःचा हट्टही आहे. काहीही झाकलेले नाही आणि कुणाचाही सूड घेतलेला नाही. मागचे आयुष्य विसरून नवे आयुष्य सुरू होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पुस्तक वाचावे. लक्ष्मीबाई काहीच विसरल्या नाहीत. त्या आठवणींचे ओझे मात्र राहिले नाही.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला फार शब्द नकोत. २००५ चा महापूर आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण पाहिला आहे. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. तो गाळ आपण बायकांनी खरडून काढला, गाद्या टाकून दिल्या, भांडी चिंचेने घासली. पण पाणी जिथपर्यंत चढले होते ती रेघ कितीतरी घरांच्या भिंतींवर अजून आहे. रंग दिला तरी पावसाळ्यात ती दिसते. म्हणून आपण घर सोडले का? त्याच भिंतीला लागून पाळणा बांधला, त्याच भिंतीवर लग्नाची पत्रिका लावली. गाळ काढायचा असतो. रेघ राहिली तरी चालते. श्रद्धेने होते ते गाळ काढण्याचे काम. रेघ पुसण्याचे वचन कोणताही प्रामाणिक धर्म देत नाही.

परंतु गाळ एकट्याने निघत नाही, तसे मनाचेही आहे. ख्रिस्ती मंडळींच्या श्रद्धेबरोबर नेहमी कामाची आणि संगतीची जोड होती, हे विसरता कामा नये. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये या देशात आले. सांगलीच्या बाजूला त्यांनी लहानसा दवाखाना चालविला, आणि १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभे केले. तिथे रोग्याची जात न पाहता शस्त्रक्रिया होई. मिरजेला कुष्ठरोग्यांसाठी निराळी व्यवस्था झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. ज्या काळी घरंदाज बाईने रोग्याला हात लावणे कमीपणाचे समजत, त्या काळी तिथे मुलींना शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. १९२८ मध्ये सरकारने वानलेसना ‘सर’ हा किताब दिला. नर्सच्या पेशाने आपल्या भागातल्या किती विधवांना, किती निराधार मुलींना स्वतःच्या पायावर उभे केले, याची मोजदाद कुणी केली नसेल. वाईला मिशनचे इस्पितळ झाले, त्याचीही हीच गोष्ट. “देव तुझ्यावर प्रेम करतो,” एवढेच सांगून कुणी थांबले असते तर फारसे काही झाले नसते. त्याबरोबर एक खाट, एक वही, एक गणवेश आणि महिन्याकाठी चार पैसे आले, तेव्हा त्या शब्दाला वजन आले.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली अशी की, ख्रिस्ती झाल्याने जात आपोआप गेली असे झाले नाही. देवळाच्या आवारात, लग्नसंबंधात, पंगतीत ती पुष्कळ ठिकाणी मागल्या दाराने आलीच. टिळकांना ‘देवाचा दरबार’ निराळा मांडावासा वाटला, त्याचे एक कारण हेही होते. धर्म कोणताही असो, तो माणसांच्या हाती आला की त्याला रोज झाडलोट करावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्षमा हा ख्रिस्ती शिकवणुकीचा प्राण आहे. परंतु क्षमेचे नाव पुढे करून मार खाणाऱ्या बाईला पुन्हा त्याच घरात लोटणे, हे क्षमेचे विडंबन आहे. मनातला विखार सोडणे निराळे आणि जिवावर बेतेल अशा ठिकाणी राहणे निराळे. रमाबाईंनी बायकांना आधी छप्पर दिले, भाकरी दिली, दार आतून लावता येईल अशी खोली दिली. क्षमेचे शब्द त्यांच्या तोंडी नंतर, आपोआप आले. आज तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत. त्यांच्याकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडली असे नव्हे. बुडणाऱ्याने काठ धरावा, यात देवाचा अपमान नाही.

भगिनींनो, आता मंडळाकडे वळते. आपण काय करू शकतो? मी तीन सूचना ठेवते. पटल्या तर कार्यकारिणीने विचार करावा.

पहिली सूचना पाण्याची. नवी बाई आपल्या दारी आली की तिला आधी पाणी द्यावे, काम विचारावे, तिला काय येते ते विचारावे. “तुम्ही कुठल्या, मिस्टर काय करतात, मुले किती,” ही प्रश्नांची माळ तिच्या गळ्यात घालू नये. तिला सांगायचे असेल तेव्हा ती सांगेल. आणि जे सांगेल ते या खोलीच्या बाहेर जाऊ नये. विहिरीवरच्या त्या बाईला दुपारी का यावे लागले, हे आपण ध्यानात ठेवले तरी पुरे.

दुसरी सूचना हळदीकुंकवाची. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अपमानाच्या प्रथा, म्हणजे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, बंद करण्याचा ठराव केला. हेरवाड आपल्यापासून काही फार लांब नाही. पाठोपाठ राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. गावच्या पंचायतीला जे जमले ते शहरातल्या महिला मंडळाला न जमावे असे नाही. यंदाच्या संक्रांतीचे आपले बोलावणे सर्व बायकांना असावे: सधवा, विधवा, टाकलेल्या, अविवाहित. तीळगूळ देताना कुणाच्या कपाळाकडे पाहून हात मागे घेऊ नये.

तिसरी सूचना वाचनाची. दर महिन्याच्या एका बैठकीत अर्धा तास ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचावे. पोथी लावतो तसे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येईल, आणि मला खात्री आहे की चौथ्या-पाचव्या बैठकीला कुणीतरी म्हणेल, “अहो, आमच्याकडेही अगदी असेच झाले होते.” ते वाक्य ज्या दिवशी या खोलीत उच्चारले जाईल, त्या दिवशी त्या बाईचा गाळ निघायला लागला असे समजावे.

शेवटी एकच सांगते. ज्या स्त्रियांविषयी मी बोलले, त्यांना नव्या आयुष्याचे बळ ख्रिस्ताच्या ठायी मिळाले, असे त्या स्वतः सांगत आल्या. आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. आपल्यापैकी कुणाला ते विठ्ठलाच्या पायाशी मिळेल, कुणाला नमाजात, कुणाला बुद्धाच्या करुणेत. पण ते ज्या हातांनी तिच्यापर्यंत पोचते ते हात बहुधा माणसांचेच असतात. फुलहॅमच्या त्या भगिनीने एक गोष्ट वाचून दाखविली नसती, नगरला लक्ष्मीबाईंना त्यांची चूल निराळी ठेवू दिली नसती, मिरजेला एखाद्या बाईला शुश्रूषेच्या वर्गात बसू दिले नसते, तर ही आयुष्ये आहेत तिथेच राहिली असती. आपल्या मंडळाची वर्षे वाढत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. त्या प्रत्येक वर्षी निदान एका बाईला आपल्या दारातून नवे आयुष्य सुरू करता आले, असे पुढच्या अहवालात चिटणीसबाईंना लिहिता यावे, एवढी इच्छा व्यक्त करते.